यंत्रणा कशी चालते आणि माझं चालान का आलं

सरकार एआय वापरतंय ना, मग सगळं वेबसाइटवर टाका म्हणजे लोकांचा विश्वास बसेल, असं म्हणणारे पुष्कळ. पण यंत्रणेची माहिती जाहीर करणं वेगळं आणि एखाद्या निर्णयाचं कारण सांगणं वेगळं.

समजा, इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एखाद्या काकांना सिग्नल तोडल्याचं ई-चालान आलं. स्कूटर तर आठवडाभर अंगणातच. कॅमेऱ्याने दुसऱ्याच कुणाच्या प्लेटवरचा ‘बी’ हा ‘८’ वाचला. शहरात कॅमेरे किती, कंत्राट कुणाचं, याच्याशी काकांना काय देणंघेणं? त्यांना फोटो हवा, वेळ हवी, चौक कुठला ते हवं आणि तक्रार कुणाकडे करायची ते हवं. फोटोत मोटरसायकल दिसली की विषय मिटायला हवा. (मिटतो का, ते सोडा.)

जाहीर माहितीचं काम निराळं. हेलसिंकी आणि ॲमस्टरडॅम या शहरांनी सप्टेंबर २०२० मध्ये आपण वापरत असलेल्या एआय यंत्रणांची नोंदवही सर्वांसाठी खुली केली. ॲमस्टरडॅमच्या नोंदवहीत पार्किंग तपासणारी कॅमेऱ्याची गाडीही आहे: ती नंबर वाचते, पैसे भरलेत का ते ताडून पाहते, माणूस कुठे तपासतो हेही दिलंय. हे वाचून कुणाचा दंड माफ होत नाही. पण ‘बी’चा ‘८’ किती जणांच्या बाबतीत होतो, हे पत्रकाराला, वकिलाला विचारता येतं. काकांच्या एका फोटोवरून ते कधीच कळलं नसतं.

नेदरलँड्समध्येच ‘सिरी’ नावाची यंत्रणा निरनिराळ्या खात्यांची माहिती एकत्र करून सरकारी मदतीत कोण फसवणूक करत असेल ते हेरायची. निकष गुप्त, आणि आपलं नाव संशयितांत आलंय हे माणसाला कळवायचं बंधन नाही. दोन्ही दारं बंद. ५ फेब्रुवारी २०२० ला हेगच्या न्यायालयाने या यंत्रणेमागचा कायदाच मानवी हक्कांविरुद्ध ठरवला.

आपल्याकडे माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये दोन्ही गोष्टी आहेत: निर्णय घेण्याची पद्धत आणि निकष कार्यालयाने आपणहून जाहीर करायचे, आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणंही द्यायची. संगणकाने ठरवलं म्हणून यातून सूट नाही. तरी सरकारी खिडकीवर समग्र आयडी (मध्य प्रदेशात योजनांसाठी लागणारा ओळख क्रमांक) दाखवली की उत्तर येतं, ‘सिस्टम में नहीं दिखा रहा, भैया.’ याला कारण म्हणत नाहीत.

दोन्हींत आधी काय मागावं? मी कारण म्हणेन, कारण अडलेला माणूस आज अडलाय. पण कारण मागाहून रचताही येतं. निकष आधीच जाहीर असतील तरच ते खरं की बनावट, हे ताडून पाहता येतं.