वाटी निसटते त्यामागची मिलिमीटरची भानगड

गुडघ्याच्या एमआरआयचा रिपोर्ट हाती पडला की बहुतेक जण त्यात ‘फाटलं’ असं कुठे लिहिलंय ते शोधतात. वाटी निसटून गेली असेल, तर ते सापडतंही. वाटी जवळजवळ नेहमीच बाहेरच्या बाजूला निसटते. तसं होताना तिला आतून धरून ठेवणारं लिगामेंट ताणतं किंवा फाटतं. परत जागेवर येताना तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्यावर आपटते, आणि दोन्ही हाडांत मुका मार उमटतो. ताज्या दुखापतीत ही जोडी दिसली की रेडिओलॉजिस्टला घडला प्रकार रुग्णाने न सांगताही कळतो.

पण हा झाला पंचनामा. वाटी पुन्हा पुन्हा का निसटते, ते कळायला मोजमाप करावं लागतं. ‘सांधेच ढिले आहेत’, ‘अंगात ताकद नाही’ ही घरोघरची निदानं इथे फारशी कामाची नाहीत.

मांडीच्या हाडाच्या टोकाला पुढून एक खाच असते, वाटी त्यात वरखाली सरकते. रहाटाच्या चाकाची खोबण झिजून सपाट झाली की दोर घसरणारच, तसंच इथे. काहींची खाच जन्मापासूनच उथळ असते. साधारणपणे खाचेचा कोन 145 अंशांच्या वर किंवा खोली 3 मिलिमीटरच्या आत असेल, तर ती सदोष धरतात. एक्स-रेत फक्त हाड दिसतं. त्यावर कूर्चेचा थर असतो आणि तो सगळीकडे सारखा जाड नसतो. त्यामुळे हाडाची खाच बरी दिसली, तरी वाटी ज्यावरून खरोखर सरकते तो पृष्ठभाग सपाट असू शकतो. एमआरआयचं खरं मोल इथे आहे.

आता माझं आवडतं मोजमाप, टीटी-टीजी (टिबियल ट्यूबरकल–ट्रोक्लिअर ग्रूव्ह, म्हणजे नडगीवरचा उंचवटा आणि मांडीच्या हाडाची खाच यांच्यातलं अंतर). नाव रुक्ष, पण आत भूमिती आहे. वाटीखालचा जाड पट्टा नडगीच्या पुढच्या उंचवट्याला चिकटतो. हा उंचवटा खाचेच्या किती बाहेर आहे, ते या आकड्यातून कळतं. एका आडव्या छेदात खाचेचा सर्वांत खोल बिंदू घ्यायचा, खालच्या दुसऱ्या छेदात उंचवट्याचा मध्य. मांडीच्या हाडाच्या मागच्या दोन गोळ्यांना टेकणारी रेघ पायाभूत मानायची, दोन्ही बिंदूंतून तिच्यावर लंब टाकायचे आणि लंबांमधलं अंतर मोजायचं. फ्रेंच अस्थिशल्यविशारद आंरी द्‌जूर आणि सहकाऱ्यांनी 1994 साली सीटी स्कॅनवरून 20 मिलिमीटर ही धोक्याची रेघ आखली.

हे अंतर महत्त्वाचं का? मांडीचा स्नायू वाटीला वर आणि किंचित बाहेर ओढतो, खालचा पट्टा खाली आणि किंचित बाहेर. स्नायू आवळला की या दोन ओढींमधला बाक सरळ होऊ पाहतो, म्हणजेच वाटी बाहेर रेटली जाते. पट्टा सुमारे 50 मिलिमीटर लांब धरा. उंचवटा 10 मिलिमीटर बाहेर असेल, तर पट्ट्यातल्या ताणाचा जवळपास पाचवा हिस्सा वाटीला आडवा ओढतो. 20 असेल, तर पाचातले दोन हिस्से. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

गंमत पुढेच आहे. गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी बाहेरच्या अंगाला वळते, त्यासोबत उंचवटाही बाहेर जातो. गुडघा जरा वाकला की तो परत आत येतो. एमआरआयच्या कॉइलमध्ये (गुडघ्याभोवती बसवतात त्या साच्यात) गुडघा बहुधा थोडा वाकलेला असतो, सीटीत तो सरळ ठेवतात. म्हणून त्याच माणसाचा एमआरआयवरचा आकडा सीटीपेक्षा सहसा दोन-चार मिलिमीटर कमी येतो. सीटीसाठीची 20 ची रेघ एमआरआयला जशीच्या तशी लावली, तर उंचवटा कापून आत सरकवण्याची शस्त्रक्रिया करायची की नाही, याचा निर्णयच हुकू शकतो. त्यात ज्यांना मोजमापाची सर्वाधिक गरज, त्यांची खाच कधी कधी इतकी सपाट किंवा फुगीर असते की ‘सर्वांत खोल बिंदू’ नावाची गोष्टच उरत नाही! मोजमाप संगणकाने केलं की अचूक, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नसलेला बिंदू संगणक दर वेळी त्याच जागी दाखवेल, एवढंच.

यावर 2012 साली तोडगा आला: उंचवट्याचं अंतर खाचेपासून न मोजता, मागच्या क्रूसिएट लिगामेंटच्या (सांध्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी जोडणाऱ्या मागच्या लिगामेंटच्या) नडगीवरच्या जागेपासून मोजायचं. दोन्ही बिंदू नडगीवरचेच, त्यामुळे गुडघा किती वाकलाय याने फारसं बिघडत नाही. इथे मर्यादा 24 मिलिमीटर. टीटी-टीजीचा आकडा जास्त आणि हा नॉर्मल आला, तर उंचवटा जागेवरच आहे, दोष सांध्यातल्या वळणात किंवा खाचेत असू शकतो.

वाटीची उंचीही मोजतात. ती फार वर असेल तर गुडघा वाकताना खाचेत उशिरा शिरते आणि तोवर मोकळीच असते. मांडीचं हाडच पिळलेलं असेल, तर तो पीळ मोजायला खुबा आणि गुडघा दोन्हीकडचे छेद लागतात. नुसत्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये तो येत नाही.