पथनाट्य, फास्ट फूडविरोधी

बर्गर किंवा तळलेली कोंबडी विकणाऱ्या साखळी कंपन्यांचा सोंग आणून, नक्कल करून वा खोडी काढून केलेला निषेध. तोडफोड यात धरत नाहीत. म्हणून ३० जानेवारी १९९६ रोजी कर्नाटकातील शेतकऱ्यांनी बंगळूरच्या केएफसीवर केलेला हल्ला येथे मोडत नाही. फ्रान्समधील मियो गावी १२ ऑगस्ट १९९९ रोजी शेतकरी नेते झोझे बोव्हे व सहकाऱ्यांनी मॅकडोनाल्ड्‌सचे अर्धवट बांधकाम दिवसाढवळ्या, जत्रेच्या थाटात उतरवले. ते कुठे घालावे, हा प्रश्नच आहे.

उगमाबाबत एकमत नाही. काहींच्या मते हा प्रकार अमेरिकेतील ‘गनिमी रंगभूमी’चा, ही संज्ञा सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूपच्या आर. जी. डेव्हिस यांनी १९६५ च्या सुमारास रूढ केली. दुसरे मत रशियन प्रचारनाट्याकडे जाते. आपल्याकडे ते वळण इप्टा (भारतीय जननाट्य संघ, १९४३) व पुढे दिल्लीचा जन नाट्य मंच (१९७३) यांनी रुजवले. नुक्कड नाटकाची, म्हणजे चौकात होणाऱ्या पथनाट्याची, बांधणी पाहता हे मत अधिक ग्राह्य ठरते. खोडीची गोष्ट मात्र निराळी. तिच्यात प्रेक्षकाला आपण प्रेक्षक आहोत हेच कळू द्यायचे नसते, आणि हे तर बहुरूप्याचे जुने कसब. खाकी चढवून तो दारात उभा राहतो, वॉरंट निघाल्याचे सांगून दटावतो; घरधनी पुरता गडबडला की हसून बिदागीसाठी हात पुढे करतो. ‘द येस मेन’ या अमेरिकी जोडीने प्लॅट्सबर्गच्या विद्यापीठात हेच केले. जागतिक व्यापार संघटनेचे प्रतिनिधी म्हणून विद्यार्थ्यांना आधी बर्गर वाटले, मग मानवी विष्ठेपासून पुन्हा बर्गर करून गरीब देशांना विकण्याची योजना गंभीर चेहऱ्याने मांडली. बिदागी तेवढी मागितली नाही.

रोममध्ये १९८६ साली कार्लो पेत्रीनी व मंडळींनी मॅकडोनाल्ड्‌सच्या विरोधात रस्त्यावर पास्ता वाटला. पुढची ‘स्लो फूड’ चळवळ त्यातून निघाली.

इंदुरात सोंगाची हौस रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, भागते. खाण्याच्या बाबतीत मात्र शहराने निषेधापेक्षा नक्कल पसंत केलेली दिसते. सराफ्यात दागिन्यांची दुकाने मिटली की त्यांच्याच पुढ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) मांडतात. छप्पन दुकान या खाऊगल्लीतला ‘हॉटडॉग’ बहुधा परदेशी साखळ्या देशात येण्याआधीचा. त्यात सॉसेज नसते. तुपावर खरपूस भाजलेला गोल पाव, आत बटाट्याची टिक्की आणि चटणी.