देवावर सोपवणं आणि मुकाट सोसणं

अन्याय करणारा उजळ माथ्याने फिरत असतो, ज्याच्यावर अन्याय झाला तो मान खाली घालून बसलेला असतो, आणि अशा वेळी ख्रिस्ती मंडळीत हमखास कुणीतरी म्हणतं, "प्रभूवर सोपव." सल्ला खराच आहे. पण तो ऐकून एक जण आपला सूड देवाच्या हाती देतो, तर दुसरा नुसतं तोंड बंद करतो. दोघंही उलट हात उगारत नाहीत, त्यामुळे पाहणाऱ्याला दोघं सारखेच वाटतात.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की स्वतः सूड उगवू नका, फेड करणं देवाकडे आहे. म्हणजे सोडायचा आहे तो सूड. अन्यायाला अन्याय म्हणणं सोडा, असं तो कुठेही म्हणत नाही. उलट पुढच्याच अध्यायात, वाईट करणाऱ्याला शासन करणारा अधिकारी पौलाला देवाचा सेवक वाटतो. मग तक्रार नोंदवणं, साक्ष देणं, कोर्टाची पायरी चढणं हा अविश्वास कसा ठरेल?

पौल स्वतः काय करतो ते फिलिप्पै शहरात दिसतं. चौकशी न करताच त्याला आणि त्याचा सोबती सीला याला भर चौकात छड्यांनी मारलं, आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री दोघं प्रार्थना करत होते, स्तोत्रं गात होते. ही गोष्ट आपण बहुतेक वेळा इथवर आणि मग भूकंपापर्यंत सांगतो. सकाळचा भाग मात्र राहून जातो. अधिकाऱ्यांचा निरोप आला, "त्यांना सोडून द्या." पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, अपराध ठरवल्याशिवाय आम्हाला चारचौघांत मारलंत, आणि आता गुपचूप घालवता? ते चालायचं नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले आणि स्वतः येऊन त्यांची समजूत घालू लागले. रात्री स्तोत्र गाणारा आणि सकाळी जाब मागणारा माणूस एकच होता.

"प्रभू तर कोकरासारखा गप्प राहिला" असं यावर ऐकवलं जातं. गालीलचा अधिपती हेरोद याच्यापुढे येशू गप्प राहिला, हे खरं. पण प्रमुख याजकापुढे एका शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा येशूने विचारलं की मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? त्याने उलट मारलं नाही, पण मार योग्य होता असंही भासू दिलं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात याचं मर्म आहे: त्याने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याकडे स्वतःला सोपवलं. न्याय करणारा आहे, ही खात्री तिथे आहे.

मुकाट सोसण्यात ती खात्रीच नसते. तिथे भीती असते, थकवा असतो, कधी 'लोक काय म्हणतील' असतं. ज्याच्यावर हे गुदरलंय त्याला मी दोष देणार नाही. दोष आहे तो घरात मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि गप्प राहा" सांगणाऱ्यांचा. मारणाऱ्याच्या सोयीला ते देवाचं नाव देतात. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी पत्र लिहिलं, ते त्यांच्या निदर्शनांवर टीका करणाऱ्या आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांना उत्तर म्हणून. वाट पाहा, हा सल्ला त्यांनी मानला नाही, आणि हिंसेलाही जवळ केलं नाही.

फरक ओळखायचा तर त्या माणसाची प्रार्थना ऐकावी. सोपवणारा देवाशी भांडतो. मी मदतीसाठी कुठवर हाका मारू, असं संदेष्टा हबक्कूक विचारतो. दुष्टांची भरभराट पाहून स्तोत्रकर्त्या आसाफाचे पाय जवळजवळ घसरले होते, आणि ७३व्या स्तोत्रात तो हे लपवत नाही. मुकाट सोसणाऱ्याच्या प्रार्थनेत मात्र त्या जखमेचा उल्लेखच नसतो.

कोर्टातही न्याय मिळाला नाही तर? पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली, पण प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक निकाल न सांगताच संपतं. बायबलचं शेवटचं पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या ६व्या अध्यायात तर जिवे मारलेले साक्षीदार वेदीखालून "कुठवर?" असं ओरडून विचारतात. देव त्यांना गप्प करत नाही. त्यांना शुभ्र झगे मिळतात, आणि आणखी थोडा वेळ विसावा घ्या, असं सांगितलं जातं.