अनंत ब्रह्मांडांचा धनी आणि जात्यापाशी बसलेली जनी

आपल्या आकाशगंगेत किमान 100 अब्ज तारे आहेत आणि दृश्य विश्वाचा व्यास सुमारे 93 अब्ज प्रकाशवर्षे आहे. एवढ्या पसाऱ्याच्या धन्याला एकेका जिवाची माया कशी असेल, हा प्रश्न मात्र दुर्बिणीच्या फार आधीचा आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन भेदरतो, ज्याला आजवर सखा म्हणून हाक मारली त्याची क्षमा मागतो आणि पुन्हा ओळखीचे रूप दाखव, अशी विनवणी करतो. भगवंत ती मान्यही करतात. पैठणजवळच्या आपेगावच्या कुळातील ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, हा प्रसंग मराठीत आणला.

या प्रश्नाचा खरा कस लागला तो नामदेवांच्या आयुष्यात. 1270 मध्ये जन्मलेल्या नामदेवांचे मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातील नरसी मानले जाते. विठ्ठल आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे जेवतो, अशी त्यांची जवळीक. तरीही परंपरेतील कथेनुसार तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी मडकी घडवण्याच्या थापटण्याने संतांची डोकी पारखली, तेव्हा नामदेव कच्चे मडके ठरले. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी हरकत घेताच, देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले आणि तशी जागा काही सापडेना. या उपदेशानंतर नामदेवांनी सगुणाचा लळा सोडला, असा अर्थ काढणे मला पटत नाही. देव सर्वत्र आहे हे उमगल्यावर त्यांची जवळीक पंढरीपुरती उरली नाही, इतकेच; गुरू ग्रंथ साहिबातील त्यांची 61 पदे त्या विस्ताराची साक्ष देतात.

त्यांच्याच घरी राबणारी गंगाखेडची जनाबाई तर समाजाच्या खिजगणतीतही नव्हती. तिच्या नावावरील अभंगांत तोच विश्वंभर तिला दळू-कांडू लागतो, शेणी वेचतो, तिची वेणीफणीही करतो. तिची योग्यता किती, हे तो विचारत नाही. ती एकटी आहे आणि काम फार आहे, एवढे त्याला पुरते.

पैठणच्या एकनाथांनी हीच श्रद्धा सोळाव्या शतकात आचरणात आणली. रामेश्वरासाठी कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले आणि रामेश्वराला ते तिथेच पोहोचले, असे मानले.