मनातली किंमत कागदावर कशी आणायची?

माणसाच्या मनात काय आहे ते त्याच्या मतावरून किंवा त्याने सांगितलेल्या भावावरून थेट कळत नाही. आधी मताचं पाहू. मतदार 14, उमेदवार म्हणून तीन रंग: नारंगी, हिरवा, निळा. ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकतो. सहा जण निळ्याचे. उरलेल्या आठांना निळा नकोच, पण त्यांतले चार नारंगीचे आणि चार हिरव्याचे. सगळ्यांनी मनासारखं मत दिलं तर बहुमताला नकोसा असलेला निळाच निवडून येतो. हिरव्याचे चौघे नारंगीकडे वळले तर नारंगी 8-6 ने जिंकतो, आणि मतमोजणीत हिरव्याला कोणी वालीच नव्हता असं दिसतं. ही लबाडी नव्हे, हिशेब आहे. आणि नियम बदलून तो संपत नाही. पर्याय किमान तीन असतील, प्रत्येकाला जिंकण्याची वाट असेल, निकाल नशिबावर किंवा एकाच माणसाच्या शब्दावर ठरत नसेल, तर अशा हिशेबाला कुठेतरी वाव राहतोच, हे ॲलन गिबार्ड (1973) आणि मार्क सॅटरथवेट (1975) यांनी सिद्ध केलं.

खऱ्या निवडणुकीत कोण वळलं ते कळत नाही. म्हणून रॉबर्ट फोरसाइथ, रॉजर मायरसन आणि सहकाऱ्यांनी 1993 च्या प्रयोगात पसंतीच बाहेरून दिली: कोणता रंग जिंकला तर तुम्हाला किती पैसे, याचा तक्ता. मग मत तक्त्याशी ताडून पाहता येतं. आधी कल चाचणी घेतली की निळ्याचे विजय कमी झाले, कारण कोणामागे एकवटायचं ते आठांना कळलं.

वस्तूची किंमत मात्र डोक्यातच असते. ती काढायला बेकर, डीग्रूट आणि मार्शक यांची 1964 ची पद्धत वापरतात. समजा, एका कपाला तुम्ही जास्तीत जास्त 60 रुपये द्याल. तुम्ही आकडा लिहायचा. मग 1 ते 100 मधली एक चिठ्ठी निघते. चिठ्ठीतला भाव तुमच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर त्या भावाने कप तुमचा, नाहीतर व्यवहार नाही. 40 लिहिले आणि 50 निघाले, तर 10 रुपयांचा फायदा हुकला. 80 लिहिले आणि 70 निघाले, तर 10 रुपये जास्त गेले. खरा आकडाच सोयीचा.

कागदावर चोख, माणसं मात्र घासाघीस करतात. टिमोथी केसन आणि चार्ल्स प्लॉट यांनी (2014) परत दिल्यावर 2 डॉलर मिळणारं कार्ड लोकांना दिलं आणि विक्रीचा भाव विचारला. उत्तर उघड 2 डॉलर, तरी बहुतेकांनी पहिल्यांदा वेगळाच आकडा लिहिला. शिवाय चुकीची शिक्षा क्षुल्लक असते: वरच्या उदाहरणात 60 ऐवजी 55 लिहिलं तर सरासरी नुकसान जेमतेम 10 पैसे. त्यामुळे आधी सरावफेऱ्या घेतात, किंवा भावांची यादी देऊन प्रत्येक ओळीला ‘घेईन’ की ‘नाही’ विचारतात आणि एक ओळ चिठ्ठीने खरी करतात. तिथे लोक ‘घेईन’वरून ‘नाही’वर यादीच्या मधोमधच पलटतात, ही वेगळी डोकेदुखी.