अळीच्या आजारातून सापडलेले औषध

कोबीच्या पानांना भोके पडू लागली की आज बरेच भाजीपाला उत्पादक आणि परसबाग करणारेही कृषी सेवा केंद्रात जाऊन 'बीटी आहे का?' असे विचारतात. मिळणारी भुकटी किंवा द्रावण पाण्यात मिसळून फवारायचे, दोन-तीन दिवसांत अळ्या काळ्या पडतात. या पुडीत जो जिवाणू असतो, त्याचा शोध अळ्या मारायला निघालेल्या माणसांनी लावला नव्हता. तो लागला अळ्या वाचवण्याच्या धडपडीत, आणि ती अळी होती रेशीमकिडा.

एकोणिसाव्या शतकात इटली आणि फ्रान्समधल्या हजारो कुटुंबांचे पोट रेशमावर अवलंबून होते. किडे पटापट मरू लागले की गावेच्या गावे हवालदिल होत. इटलीतल्या लोदीजवळच्या आगोस्तिनो बासी यांनी अनेक वर्षे अशा मेलेल्या किड्यांचा अभ्यास केला. हे किडे कडक होत आणि त्यांच्यावर पांढरी भुकटी धरे. १८३५मध्ये बासींनी दाखवून दिले की ही भुकटी म्हणजे जिवंत बुरशी आहे आणि तीच एका किड्याकडून दुसऱ्याकडे रोग नेते. सूक्ष्मजीव प्राण्याला रोग करतो, याचा हा पहिला ठोस पुरावा. पाश्चर आणि कॉख यांची नावे आपण शाळेत शिकतो, बासींचे शिकत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. आज दुकानात मिळणाऱ्या 'बिव्हेरिया बॅसियाना' या बुरशीला त्यांचेच नाव आहे. पुढे १८६५पासून पाश्चरही दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या रोगामागे लागले, आणि किडे निरोगी कसे ठेवायचे याची पद्धत त्यांनी बसवून दिली.

१९०१मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांच्यासमोर असाच प्रश्न होता. चांगले खाणारे रेशीमकिडे अचानक खाणे थांबवून कोसळत होते. त्यांच्यात इशिवातांना एक जिवाणू सापडला. त्यांच्या दृष्टीने तो शत्रू होता, रेशीम उत्पादकांना त्याच्यापासून वाचवायचे होते. दहा वर्षांनी, १९११मध्ये, जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तशाच जातीचा जिवाणू मिळाला, पण या वेळी मेलेली अळी होती पिठातल्या पतंगाची. पिठाच्या गिरणीला ती अळी नको होती, त्यामुळे बर्लिनर यांना त्यात उपयोग दिसला. गिरणी थुरिंगिया प्रांतातली असल्याने १९१५मध्ये त्यांनी जिवाणूला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' असे नाव दिले. 'बीटी' ही त्याचीच आद्याक्षरे. जिवाणूच्या बीजाणूशेजारी एक चकचकीत स्फटिक असतो, हेही बर्लिनर यांनी नोंदवले. तो काय करतो, हे मात्र पुढची जवळजवळ चाळीस वर्षे कुणाला कळले नाही.

मधल्या काळात बर्लिनर यांनी प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणूचा साठा हरवला. १९२७मध्ये मात्तेस यांनी पिठाच्या पतंगातूनच तो जिवाणू पुन्हा मिळवला. १९३८मध्ये फ्रान्समध्ये 'स्पोरेईन' नावाने पहिले व्यापारी उत्पादन निघाले. मग महायुद्ध आले, आणि त्यापाठोपाठ डीडीटी. डीडीटी स्वस्त, झटपट, कुठल्याही किडीवर चालणारे. जिवाणूची पुडी कुणाला हवी होती? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एडवर्ड स्टाइनहाउस यांनी १९५०च्या सुमारास लसूणघासावरच्या अळीवर बीटी फवारून पाहिले नसते, तर हा विषय कदाचित कपाटातच राहिला असता. त्याच दशकात हॅने आणि अँगस यांनी स्फटिकाचे कोडे सोडवले: अळी मरते ती त्या स्फटिकातल्या प्रथिनामुळे.

हे घडते कसे, ते नीट समजून घेतले तर फवारणीच्या निम्म्या चुका टळतात. अळीचे आतडे अल्कधर्मी असते, आपले पोट आम्लधर्मी. स्फटिक अळीच्या पोटात गेला की त्या अल्कात विरघळतो, तिथली पाचकद्रव्ये त्याचे तुकडे करतात, आणि ते प्रथिन आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांत छिद्रे पाडते. काही तासांत अळी खाणे थांबवते. ती पानावरच दिसते, हलतेही, म्हणून माणसाला वाटते की औषध लागू पडले नाही आणि तो दुसऱ्या दिवशी रासायनिक औषधाचा पंप पाठीला लावतो. खरे तर तोवर पिकाचे नुकसान थांबलेले असते. मरायला तिला दोन ते चार दिवस लागतात. बीटी अंगावर पडून चालत नाही, पोटात जावे लागते, म्हणून पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. उन्हात ते लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी. आणि अळी लहान असतानाच. बोटभर वाढलेली अळी एवढ्याशा मात्रेला सहसा दाद देत नाही.

बाजारातले बीटी बहुतांश 'कुर्स्ताकी' या प्रकारचे असते. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये कुर्स्ताक यांनी तो पुन्हा पिठाच्या पतंगातूनच वेगळा केला. त्याच प्रकारचा सर्वाधिक गाजलेला वाण, 'एचडी-१', हॉवर्ड डल्मेज यांनी १९७०मध्ये पुढे आणला. तो सापडला होता मेलेल्या गुलाबी बोंडअळीत. कापूस पिकवणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला या किडीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

इथे एक सावधगिरी. पतंगवर्गीय अळी मारणारे बीटी रेशीमकिड्यालाही मारते, शेवटी हा जिवाणू किड्याच्याच रोगाचा भाऊबंद आहे. जालना, बीड भागात तुतीची लागवड वाढली आहे. शेजारच्या कोबीवरचा फवारा वाऱ्याने तुतीच्या पाल्यावर गेला आणि तोच पाला किड्यांना घातला, तर सगळी बॅच हातची जाऊ शकते. शेजाऱ्याला आधी सांगून फवारणे, एवढी साधी गोष्ट पाळायलाच हवी.

आता कोबीकडे येऊ, कारण या इतिहासातला सर्वात कठीण धडा कोबीनेच दिला. चौकोनी ठिपक्यांचा पतंग ही दिसायला अगदी क्षुल्लक कीड. अळी हिरवी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. धक्का लागला की वळवळत मागे सरकते आणि तोंडातून काढलेल्या धाग्याला लटकून खाली उतरते. पानाचा हिरवा भाग खाऊन वरचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते, त्यामुळे पानाला जणू काचेच्या खिडक्या पडतात. उष्ण हवामानात दोन-तीन आठवड्यांत एक पिढी पुरी होते, आणि पिढ्या जितक्या झटपट, तितकी औषध पचवण्याची ताकद लवकर येते. १९५३मध्ये इंडोनेशियातल्या जावा बेटावर, लेंबांग येथे, या किडीने डीडीटीला दाद देणे सोडल्याची नोंद झाली. पिकावरच्या किडीने डीडीटी पचवल्याची जगातली ही पहिली नोंद मानली जाते. पुढे एकामागून एक औषधे आली आणि गेली.

मग बीटी आले, आणि लोक निर्धास्त झाले. हे तर जैविक, याला कीड कशी सरावेल? हवाई बेटांवर काही शेतांत ते वर्षानुवर्षे, वारंवार फवारले गेले. १९९०मध्ये ब्रूस तबाश्निक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तिथले चौकोनी ठिपक्यांचे पतंग बीटीलाही सरावले आहेत. उघड्या शेतात बीटीला प्रतिकार करणारी ही पहिली कीड. माझ्या मते जैविक नियंत्रणाच्या इतिहासातली ही सर्वात महत्त्वाची घटना आहे. 'जैविक' ही चिठ्ठी लावली म्हणून निसर्गाचा नियम बदलत नाही. एकच औषध सतत मारले की जे वाचतात त्यांचीच पिलावळ वाढते. बीटीचे जनुक घातलेल्या कापसात गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे तेच केले. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी बोंडे फोडून आतली अळी पाहिली.

जावातल्या कोबीची कथा इथे संपत नाही. तिथे १९५०च्या सुमारास न्यूझीलंडहून 'डायडेग्मा' नावाची बारीक गांधीलमाशी आणून सोडली होती. न्यूझीलंडने ती त्याआधी इंग्लंडहून आणली होती. ती अळीच्या अंगात अंडे घालते आणि तिची पिल्ले अळीला आतून खातात. पण शेतकरी रासायनिक औषधे मारतच राहिले, त्यात गांधीलमाशीचा टिकाव लागेना. पुढे जिथे ती औषधे कमी करून बीटी वापरले गेले, तिथे गांधीलमाशीचे काम दिसू लागले. बीटी तिला मारत नाही, म्हणून दोघांची जोडी जमते.

आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने वेगळी वाट काढली. कोबीच्या ठराविक ओळींनंतर मोहरीची ओळ. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते, तो अंडी तिकडे घालतो, आणि मग फवारणी करायची ती मुख्यतः मोहरीवर. मोहरीची पहिली पेरणी कोबीच्या पुनर्लागवडीच्या साधारण पंधरा दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी सतत शेतात राहते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही शिफारस आली. घरच्या चार वाफ्यांतही ती सहज जमते, आणि मोहरीच्या पाल्याची भाजीही होते, फक्त ज्या ओळीवर फवारले तो पाला खायचा नाही.

टोमॅटोचा शत्रू वेगळा. हरभऱ्यात घाटे अळी, कापसात हिरवी बोंडअळी (गुलाबी नव्हे), टोमॅटोत फळ पोखरणारी अळी: नावे तीन, कीड एकच. तिच्यावर विषाणू वापरतात, एचएएनपीव्ही. याचे मूळही पुन्हा रेशीमकिड्यात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इटलीत मायस्त्री आणि कॉर्नालिया यांना पिवळ्या पडून मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली बहुकोनी कण दिसले होते. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती. घाटे अळीचा विषाणू त्याच घराण्यातला, पण रेशीमकिड्याला तो काही करत नाही. अशा बहुतेक विषाणूंची आपापली अळी ठरलेली असते.

या विषाणूने मेलेली अळी एकदा पाहिली की विसरता येत नाही. झाडाच्या शेंड्याला मागच्या पायांनी धरून ती उलटी लोंबकळते, अंग मऊ आणि काळपट झालेले असते, हात लागला तर कातडी फुटून पाणी गळते. ते पाणी म्हणजे विषाणूच. खालच्या पानांवर सांडते, दुसऱ्या अळ्या ती पाने खातात. मरणारी अळी वरच का चढते, याचे उत्तर २०११मध्ये एका वेगळ्या अळीवरच्या अभ्यासात मिळाले. विषाणूतले एक जनुक अळीला कात टाकू देत नाही, त्यामुळे ती खाली उतरण्याऐवजी वरच राहते.

आपल्याकडे मात्रा 'एलई'मध्ये सांगतात, आणि २५० एलई प्रति हेक्टर म्हणजे ढोबळमानाने २५० मोठ्या रोगट अळ्यांमधून मिळणारा विषाणू. म्हणूनच गावपातळीवरही तो तयार करता येतो, आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने शेतकऱ्यांना तसे शिकवलेही. रोगट अळ्या गोळा करायच्या, पाण्यात ठेचून फडक्याने गाळून घ्यायच्या, संध्याकाळी फवारायचे. उन्हापासून बचावासाठी द्रावणात कपड्यांची नीळ मिसळण्याची शिफारस आपल्याकडच्या अनेक जुन्या शेतकऱ्यांना पाठ आहे.

अळी जन्मायच्या आधीच रोखायची तर ट्रायकोग्रामा. मिलिमीटरपेक्षाही लहान असलेली ही गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. ते अंडे काळे पडते आणि आठवड्याभरात त्यातून अळीऐवजी गांधीलमाशीच बाहेर येते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात स्टॅन्ली फ्लँडर्स यांनी धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर तिची मोठ्या प्रमाणावर पैदास करण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे त्यासाठी भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर तांदळातला पतंग वाढवतात. अतिनील किरणांनी त्याची अंडी निष्क्रिय करून कार्डावर चिकटवतात, मग गांधीलमाश्या सोडतात. एका ट्रायकोकार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात. महाराष्ट्रात हे कार्ड आधी ओळखीचे झाले ते उसामुळे, कारण खोडकिडीसाठी काही साखर कारखान्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या. या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना पतंगांच्या पंखांची भुकटी नाकातोंडात जाऊन फार त्रास होतो, मास्कशिवाय तिथे उभे राहवत नाही. या कामाची दखल क्वचितच घेतली जाते.

पुणे जिल्ह्यातल्या बटाटा पट्ट्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. बटाट्यावरची पाकोळी शेतातही त्रास देते आणि साठवणीतही. तिच्यासाठी दक्षिण अमेरिकेतून आलेली 'कोपिडोसोमा' ही गांधीलमाशी वापरायचे काम पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या जैविक कीड नियंत्रण केंद्रात झाले. या माशीचे वैशिष्ट्य असे की तिच्या एका अंड्याचे विभाजन होऊन अनेक माश्या तयार होतात. पाकोळीची अळी फुगून दाणेदार होते, आणि एका मेलेल्या अळीतून कितीतरी माश्या बाहेर पडतात.

या फवाऱ्यांना न जुमानणारी अळी म्हणजे वांग्यातली शेंडा व फळ पोखरणारी. अंड्यातून निघाल्यावर काही तासांत ती शेंड्यात किंवा फळात शिरते. मग बीटी असो की विषाणू, तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. जालन्याच्या महिको कंपनीने बीटीचे जनुक थेट वांग्यात घालण्याचा मार्ग धरला तो यामुळेच. त्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०१०मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात ते वांगे २०१४पासून शेतात आहे. आपल्याकडे वांगे उत्पादकाच्या हाती तोवर आहेत ते कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे), ट्रायकोकार्ड, आणि दर आठवड्याला झाडावरून नजर फिरवून कोमेजलेले शेंडे खुडणे. खुडलेला शेंडा बांधावर टाकून चालत नाही, आतली अळी तिथेच कोष करते. तो जाळावा किंवा खोल पुरावा, आणि शेजारच्या वांग्याच्या शेतातही त्याच आठवड्यात हे झाले तरच त्याचा गुण येतो.