लॉ फर्मच्या अर्जात इंटर्नशिपबद्दल काय लिहावे
आमच्याकडे अर्ज तपासून घेणाऱ्या विधी विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत एक वाक्य हमखास सापडते: ‘सीनियर वकिलांना विविध प्रकरणांत साहाय्य करून मोलाचा अनुभव मिळवला.’ फोर्टच्या किंवा लोअर परळच्या फर्ममध्ये अर्ज चाळत बसलेल्या असोसिएटला (फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाला) यातून काहीही कळत नाही. इंटर्नशिप तर सगळ्यांचीच झालेली असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे ती करावीच लागते. तुमच्या हातून तिथे नेमके काय काम झाले, ते लिहा.

समजा, तुम्ही चेक बाउन्सच्या फायली हाताळल्या. ‘कलम 138 च्या केसेसमध्ये मदत केली’ यापेक्षा असे लिहिता येईल: ‘चेक, बँकेचा रिटर्न मेमो आणि येणे रकमेचा हिशेब ताडून प्रत्येक फायलीचा तारखांचा तक्ता केला. नोटिशीचा पहिला मसुदा लिहिला. सीनियरनी तो दुरुस्त करून पाठवला.’ (नमुना मराठीत आहे, अर्ज इंग्रजीत जाईल, पण आधी मराठीत सांगून पाहिले की पोकळ शब्द आपोआप गळतात.) या नमुन्यातले शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. मसुदा सीनियरनी दुरुस्त केला हे सांगण्यात कमीपणा नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. विद्यार्थ्याने ‘युक्तिवाद केला’ असे लिहिले, की मात्र बाकीच्या अर्जावरही संशय येतो.

जे लिहाल त्यावर मुलाखतीत प्रश्न येणार. नोटीस पाठवण्याची 30 दिवसांची मुदत कधीपासून मोजायची? चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला किती दिवस? पंधरा. त्यानंतर तक्रार दाखल करायला? एक महिना. इतके न अडखळता सांगता येत नसेल तर ती ओळ काढून टाका.

तालुक्याच्या कोर्टातले काम लपवू नका

मुंबईतल्या मोठ्या फर्मला अर्ज करताना गावाकडच्या वकिलांकडे केलेली इंटर्नशिप पार तळाशी ढकलायची किंवा गाळायचीच, असा प्रघात पडला आहे. आम्हाला तो पटत नाही. एखादी कंपनी सौर प्रकल्पासाठी किंवा गोदामासाठी जमीन घेते, तेव्हा टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, तपासण्याचे काम शहरातल्या फर्मकडेच येते, आणि कागद सगळे मराठीत असतात. सातबारा, फेरफार, इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा). त्यात कुठे ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा, कुठे वारस नोंदीत बहिणींची नावेच नाहीत. वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून सहसा विकता येत नाही, हे ज्याला शेरा पाहताच सुचते, तो उमेदवार फर्मच्या कामाचा असतो. म्हणून ‘सर्च रिपोर्टसाठी मागच्या 30 वर्षांचे फेरफार क्रमाने लावून हस्तांतरांची साखळी मांडली’ ही ओळ रिअल इस्टेट विभागाच्या अर्जात सर्वांत वर हवी. लवादाचे काम करणाऱ्या फर्मला लिहिताना मात्र तिला एवढी जागा देऊ नका. तिथे कैफियत, साक्षीपुरावा, उलटतपासणीची टिपणे यांना आधी घ्या.

अशिलाचे नाव

नाव लिहायचे नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण नाव न लिहिताही ओळख पटू शकते. तालुक्यात एकच साखर कारखाना असताना ‘तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्यासाठी’ असे लिहिणे म्हणजे नाव घेणेच झाले. ‘एका सहकारी संस्थेसाठी’ एवढे पुरे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 132 अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींची गुप्तता राखते आणि वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही लागू होते. तुम्ही इंटर्न होता, ही पळवाट शोधू नका. निकाल जाहीर झालेला असला तरी चेंबरमध्ये काय बोलणे झाले, ते अर्जात येता कामा नये. अर्जातच गुपित फोडणाऱ्याला कोणती फर्म आपल्या फायली देईल?

कायद्याबाहेरची नोकरी

कॉलेज सांभाळून बँकेत, कॉल सेंटरमध्ये किंवा घरच्या दुकानात काम केले असेल तर तेही लिहा, दोन ओळींत. जीएसटीची विवरणपत्रे तुम्ही भरत होता, ही गोष्ट फर्मच्या कर विभागाला नक्की वाचायची असते.

आमच्याकडे काय पाठवावे

अर्जाचा कच्चा मसुदा, फर्मने दिलेले प्रश्न आणि तुमची इंटर्नशिप डायरी. नियमांप्रमाणे डायरी ठेवावी लागते, पण पुष्कळ जण ती शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरून काढतात. तशी असेल तर आधी फोनवर बोलू आणि आठवेल तेवढे काम आम्ही विचारून काढू. डायरीतली अशिलांची नावे खोडून मगच फोटो पाठवा. सीनियरच्या ऑफिसातले दावे, नोटिसा, करार नमुना म्हणूनही पाठवू नका. आम्ही ते न वाचता परत करतो. तुम्ही न सांगितलेला तपशील आम्ही अर्जात घालत नाही. आणि मुदत संपायला निदान चार दिवस हाताशी ठेवून या, कारण पहिल्या वाचनात आम्ही फक्त प्रश्न विचारतो.